रेवाला भूक लागत नाही

१४ जानेवारी, मंगळवार

रेवाचं वजन केलं. मागच्या ऑगस्टमध्ये होतं तेवढंच. साडेतीन वर्षांची मुलगी, पंचवीस पौंड.

डॉक्टर शांत बाई आहे. आज तिने स्क्रीन आमच्याकडे वळवून ग्राफ दाखवला. बाकी मुलांच्या रेषा वर चाललेल्या, हिची आडवी. रक्त, थायरॉइड, पोटाची दुर्बीण, सगळं झालं, सगळं नॉर्मल. म्हणाली, तिला खाता येतं, खायची इच्छा नाही. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्म, त्यानंतर कितीतरी दिवस नाकातून नळी. तोंडाकडे काही आलं की नकोच, हे तिथून असू शकतं. फीडिंग थेरपिस्टच्या वेटिंग लिस्टवर नाव आहे. उन्हाळ्यापर्यंत वजन हललं नाही तर पोटाला ट्यूब बसवायचं बोलावं लागेल.

 निखिल घरी गराजमध्ये गाडी बंद करून म्हणाला, "पोटाला भोक म्हणजे..." आणि उतरला.

संक्रांत आज. तिळाची वडी रेवाने जिभेला लावली आणि परत माझ्या हातात दिली. "नो थँक यू, आई." शिकवलंय आम्हीच तसं.

१८ जानेवारी

रेवा काय खाते: पांढरा भात (तूप नाही, वरण नाही), एका ठरावीक डब्यातलं दही, क्रॅकर्स, केळं असलंच तर अर्धं. दुसऱ्या ब्रँडचं दही तिला वासावरून कळतं.

आज जेवायला किती वेळ बसलो ते लिहीत नाही. निखिलने आयपॅड धरला, मी चमचा. ती कार्टून बघत तोंड उघडते, घास गालात ठेवते, आणि मग सगळं बाहेर. रडत नाही. आमच्याकडे बघत राहते, आता काय म्हणून.

२३ जानेवारी

फॅबमध्ये, म्हणजे आमच्या चिपच्या कारखान्यात, गाऊनिंग रूममध्ये मेईला सांगितलं. मेई माझ्याच शिफ्टची, इथेच वाढलेली, आईवडील चिनी, चेंग्दूचे. अंगावर पांढरा सूट चढवता चढवता तिने सगळं ऐकून घेतलं. मास्क लावायच्या आधी म्हणाली, "माझी मुलगी पण अशीच होती. आई तिला मेसा गावातल्या एका बाईंकडे न्यायची. पाठीला मसाज. मी विश्वास ठेवत नव्हते. आता ती सगळं खाते. पण कशामुळे ते मला विचारू नकोस."

क्लीनरूममध्ये दिवसभर डोक्यात तेच. नंबर घेतला.

२५ जानेवारी, शनिवार

गेलो. मेसाला नेल सलून आणि बोबा चहाच्या दुकानाच्या मधे छोटंसं क्लिनिक. आत वाळवलेल्या सालींचा वास, आजीच्या कपाटासारखा.

डॉ. लिन पन्नाशीच्या असतील. एसी चालू आणि अंगात जाड फ्लीस. हसल्या नाहीत. रेवाची जीभ बघितली. तर्जनीच्या आतल्या बाजूची शीर उजेडात धरून बघितली. तळहातांचा वास घेतला. घाम कुठे येतो, झोपेत दात खाते का, शी कशी होते. एवढं कुणी विचारलं नव्हतं, खरं तर विचारलं होतं, पण फॉर्मवर.

म्हणाल्या, स्प्लीन कमजोर आहे. निखिलचा चेहरा बघण्यासारखा. त्यांच्या लक्षात आलं. "तुमच्या डॉक्टरांची स्प्लीन वेगळी. आमच्यात पचन चालवणारी जी शक्ती, तिला हे नाव. हिच्या प्लीहेला काही झालेलं नाही."

मग रेवाला माझ्या मांडीवर पालथं टाकलं. माकडहाडापासून सुरुवात. दोन्ही हातांच्या चिमटीत कातडी धरायची आणि गुंडाळत गुंडाळत मानेपर्यंत न्यायची. मधेच एकदा हलकेच वर उचलायची. रेवा आधी आखडली. मग खिदळली. "आई, शी इज अ कॅटरपिलर!"

शेवटी त्यांनी बारीक सुई काढली. बोटांच्या आतल्या पेरांवर टोचून थेंबभर पाणी काढतात, मुलांच्या भुकेसाठी जुना उपाय आहे म्हणे. मी रेवाची मूठ माझ्या हातात झाकून घेतली. नाही म्हटलं.

"ठीक," त्या म्हणाल्या आणि सुई ठेवून दिली. पुन्हा विषय काढला नाही.

२९ जानेवारी

सकाळी उपाशीपोटी करायचं. माझी बोटं अडतात, कातडी निसटते. हिच्या पाठीवर धरायला मांसच नाही. मणके मोजता येतील असे.

जन्मल्यावर NICU मध्ये हिच्या छातीवर आणि पाठीवर वायरी चिकटवलेल्या असायच्या. हात लावायचा तो डोक्याला आणि पायांना. ही पाठ मला नीट माहीतच नव्हती. डाव्या खांद्याखाली एक तीळ आहे. आज दिसला.

२ फेब्रुवारी, रविवार

डॉ. लिननी पूडही दिली होती, कोमट पाण्यात घालायची. आज पाकिटावरचं इंग्लिश नीट वाचलं. मोड आणलेली बार्ली, संत्र्याची जुनी साल, एक आंबट लाल फळ, आणि कोंबडीच्या पोटातलं आतलं अस्तर, वाळवून.

पाकीट हातात धरून ओट्याशी उभी राहिले. घरात अंडंही नसतं. निखिल म्हणाला, औषध आहे, कॉडलिव्हर ऑइल नव्हतो का घेत लहानपणी. मी म्हटलं, तू घेतलंस, इकडे कॅरी गावात वाढताना. मी सांगलीत शार्क लिव्हरच्या बाटलीला बघून पळायचे.

दिलं शेवटी. तिने प्यायलं! आंबट लागलं म्हणून असेल. मी आत जाऊन देवासमोर उगाचच उभी राहिले. 

९ फेब्रुवारी, रविवार

रविवारचा व्हिडिओ कॉल. बाबा म्हणजे माझे सासरे, कॅरीला एकटे राहतात, सासूबाई गेल्यापासून. नागपूरहून शिकून आले, जन्मभर तिथे लहान मुलांचे डॉक्टर होते. अर्धं कॅरी त्यांच्या हाताखालून मोठं झालंय.

रेवानेच सांगून टाकलं. "आबा, लिन आंटी मेक्स मी कॅटरपिलर."

मला सगळं सांगावं लागलं. पाठीच्या मसाजपर्यंत ऐकून घेतलं. पूड म्हटल्यावर चढले. चिडले की त्यांचं नागपूर बाहेर येतं. "काय देऊन राहिली तू पोरीला? कोंबडीचं मला काही नाही, मी खातो. पण त्या पाकिटात आणखी काय आहे ते कोणी तपासलं? शिसं आहे? पारा आहे? तू इंजिनीअर आहे ना मुग्धा!"

"बाबा, मग मी काय करू ते सांगा."

 स्क्रीनवर त्यांच्यामागे स्वयंपाकघर, ओट्यावर काहीच नाही. मग म्हणाले, "मी येतो तिकडे."

१२ फेब्रुवारी

डॉक्टरला फोन केला, सगळं सांगितलं. रागावली नाही. मसाज खुशाल करा म्हणाली. पूड मात्र थांबवा, आणि घरी असलेलं पाकीट आणा. रक्त घेतलं. रेवा नर्सला म्हणाली, "नो थँक यू."

(शिसं निघालं नाही. १८ ला कळलं. तोपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.)

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना एअरपोर्टवरून आणलं. लांबून ओळखलं नाही. शर्ट खांद्यांवर टांगल्यासारखा. निखिल म्हणाला, "बाबा, काय हे?" तर म्हणाले, "एकट्यासाठी कोण रांधतं. दोडका आणा, साल काढा... तुझी आई गेली तसं ते सगळं गेलं."

रेवा त्यांच्या बोटाला धरून घरभर फिरली. मागचा स्विमिंग पूल दाखवला. पाण्याजवळ जायचं नाही, हे त्यांना बजावून सांगितलं.

१ मार्च, शनिवार

बाबा डॉ. लिनकडे आले. मला वाटलं होतं भांडण होणार, आणि झालंच.

"युवर एव्हिडन्स?" बाबांनी खुर्चीवर बसायच्या आधी विचारलं. बाई हात पुसत होत्या. म्हणाल्या, माझ्याकडे येणाऱ्या आजोबांना परीक्षा देत बसले तर क्लिनिक कधी चालवू? मी रेवाला घेऊन दाराशी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनीच विचारलं, तुम्ही कुठे शिकलात? बाबा म्हणाले, नागपूरच्या मेडिकल कॉलेजात, पोरांच्या हगवणीच्या वॉर्डात. एका कॉटवर तीन पोरं. त्या म्हणाल्या, मी चेंग्दूला सरकारी हॉस्पिटलात होते. आमच्याकडे दोन. उन्हाळ्यात तीन.

त्यानंतर दोघं मिठासाखरेच्या पाण्याबद्दल बोलत बसले. रेवाची पाठ तशीच राहिली, मी केली.

निघताना बाबा त्यांना म्हणाले, "आय स्टिल डू नॉट बिलीव्ह इन युवर स्प्लीन." त्या म्हणाल्या, नका ठेवू विश्वास. पण सुनेला सांगा, अंगठे अजून कडक आहेत तिचे.

८ मार्च

संत्र्याच्या झाडांना फुलं आली आहेत, अख्ख्या गल्लीत वास. सकाळी बाबा मागच्या पडवीत बसतात. रेवा पाठ करून घेऊन तिथे जाते. दहीभात तिथेच. आयपॅड नाही, हा बाबांचा नियम. "खाल्लं तर खाल्लं. तिच्या तोंडाकडे बघायचं नाही." पहिल्या दिवशी तिने काहीही खाल्लं नाही आणि निखिल बाहेर निघून गेला. काल तिने बाबांच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा उचलला. हुंगला. परत ठेवला. बाबांनी आकाशाकडे बघत राहून चेहरा सरळ ठेवला. मला हसू आवरेना.

१९ मार्च

डेकेअरमध्ये उलट्यांची साथ. रेवाला काल दुपारपासून. पाणीही ठरत नाही. आज सकाळी उचलली तर मान माझ्या खांद्यावर टाकली, डोळे अर्धे उघडे. बाबांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. ते फक्त म्हणाले, "गाडी काढ."

२१ मार्च, हॉस्पिटल

शीर सापडत नव्हती. तिसऱ्या प्रयत्नात सलाइन लागलं. पोटात काही टिकत नाही म्हणून नाकातून नळी घातली. तीच बारीक, पारदर्शक नळी. गालावर तसलीच टेप. जन्मल्या दिवसांसारखी दिसते आहे, फक्त लांब झाली.

वजन कमी झालं. जे कसंबसं आलं होतं ते गेलं, वर आणखी थोडं.

कॉरिडॉरमध्ये निखिल माझ्यावर तुटून पडला. "दोन महिने ते चिमटे काढत बसलो आपण. तेवढ्यात दुसरा थेरपिस्ट शोधला असता, टेक्सासला मोठ्या हॉस्पिटलात गेलो असतो, काहीतरी केलं असतं! तुला करतोय असं वाटायला हवं होतं फक्त." मी म्हटलं, तू काय केलंस? ते म्हणायला नको होतं. तोही बरोबर नव्हता. दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही थांबलो नाही.

बाबा बाकावरून उठले. कष्टाने उठतात हल्ली. "निखिल. व्हायरस आहे. वॉर्डातल्या अर्ध्या पोरांना तोच आहे. त्यांच्या आयांनी पाठ चोळली नव्हती." मग हळू आवाजात, "बायकोवर ओरडून पोरीचं वजन वाढत असतं तर मी प्रिस्क्रिप्शनमध्ये लिहिलं असतं."

निखिल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी आत गेले.

२२ मार्च

उलट्या थांबल्या. सकाळी रेवाने डोळे उघडले, नळीला हात लावून बघितला, काढला नाही. मग म्हणाली, "आई, पाठ."

मराठीत. एकच शब्द.

नर्सला विचारलं. तिने वायरी बाजूला करून जागा करून दिली. कुशीवर घेऊन, जेवढी पोहोचते तेवढी पाठ केली. एका हाताने तिला धरलेलं, त्यामुळे काही धड झालं नाही. रेवा झोपली. नर्स म्हणाली, मॉनिटर बघा, किती शांत झोप लागली.

निखिल खुर्चीत बसून बघत होता. नंतर म्हणाला, "मला शिकव."

३० मार्च, पाडवा

घरी आलो परवा. नळी काढली. गुढी पडवीत, बाबांनी स्वतः बांधली, काठी म्हणून जुन्या झाडूचा दांडा. सासूबाईंची पैठणी ते कॅरीहून बॅगेत घेऊन आले होते, मला न सांगता.

श्रीखंड. रेवाने बोट बुडवलं आणि चाटलं. पुन्हा बुडवलं.  निखिलने टेबलाखाली माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

१० एप्रिल

थेरपिस्टचा नंबर लागला, एका कुटुंबाने कॅन्सल केलं म्हणून. तरुण मुलगी आहे, जमिनीवर बसून काम करते. खायचं नाही, आधी अन्नाशी खेळायचं. वरणात बोटं, पिठात हात. पाठीचं सांगितलं तर म्हणाली, उत्तम, जेवायच्या आधी अंग सैल होतं, चालू ठेवा. स्प्लीनबद्दल तिला मी काही सांगितलं नाही.

डॉ. लिनकडे आता महिन्यातून एकदा. हॉस्पिटलचं सांगितल्यावर त्या बराच वेळ रेवाचा तळहात चोळत राहिल्या. म्हणाल्या, पूड मी पुन्हा देणार नाही, तुमची डॉक्टर घाबरली असेल तर तीही बरोबर आहे. मी विचारलं, हिला तुमच्यामुळे फरक पडतोय का? "थोडा माझ्यामुळे, थोडा तिच्या वयामुळे. किती ते मला माहीत नाही. तुम्हाला हवंय का माहीत?"

हवंय. घरी येईपर्यंत विचार करत होते. मला हवंय. मी दिवसभर मशीनच्या एका सेटिंगमागे कशामुळे काय झालं ते शोधते, तेच माझं काम. इथे पाठ, थेरपिस्ट, आयपॅड बंद, पडवी, आजार, आबा, सगळं एकदम बदललं.

१९ एप्रिल

रेवाने वरणभात खाल्ला. तूप घालून. अर्धी वाटी. आबांच्या ताटातून, आबांच्या चमच्याने.

बाबांनी मात्र काही खाल्लं नाही. तेव्हा लक्षात आलं. तिला भरवतो म्हणून स्वतःच्या पानातलं सगळं तिच्याकडे सरकवतात. आज भाजी पोळीखाली लपवली होती. भांडी मी घासते, मला दिसतं. किती दिवस दिसत होतं कुणास ठाऊक. बघत नव्हते.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी पडवीत बाबा दंड खाजवत बसले होते, सारखे. ऊन सरळ तोंडावर. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता.

मी समोर बसले. "बाबा, डोळे पिवळे आहेत तुमचे."

"हो."

"कधीपासून?"

"आठवडा असेल. लघवी त्याच्या आधीपासून गडद आहे." पेशंटचं सांगावं तसं सांगितलं. "पोट दुखत नाही. दुखलं असतं तर बरं होतं. खडा निघाला असता. न दुखता येतं ते चांगलं नसतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"संशय होता. वजन कॅरीलाच उतरलं होतं. निखिलची आई गेली म्हणून असेल असं मी स्वतःला सांगत होतो. मला जरा सोपं झालं तसं."

"मग इथे का नाही सांगितलं? आल्या आल्या?"

ते रेवाकडे बघत होते. ती अंगणात पाण्याच्या पाइपने दगड धुवत होती. म्हणाले, "इथे आलो तर ती जेवत नव्हती. घरात एकच वजनकाटा होता मुग्धा. त्यावर तिला उभं राहू दे म्हटलं."

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, निखिलला मी सांगतो, तू नको.

२ मे

सीटी. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ. पित्ताचा मार्ग दाबला गेलाय म्हणून कावीळ. आधी एंडोस्कोपीने आत स्टेंट, त्याच वेळी गाठीचा तुकडा. मग पुढचं.

निखिल फिल्म बघतो, बाबा निखिलकडे बघतात. बाबांनीच डॉक्टरला सगळे प्रश्न विचारले, आम्हाला कळावेत म्हणून सोप्या भाषेत. एकोणऐंशी वय. "आय विल डिसाइड आफ्टर द बायॉप्सी," म्हणाले. केमो घेणार की नाही यावर तोंड उघडत नाहीत. निखिल म्हणतो घ्यायलाच हवी. मी काय म्हणते ते मला कुणी विचारलं नाही, आणि बरंच आहे.

४ मे

मेईकडून डॉ. लिनना कळलं. मला वाटलं काहीतरी औषध सांगतील. फोन करून म्हणाल्या, "हे माझं काम नाही. हॉस्पिटलचं ऐका." आणि मग, "त्यांना गरम पातळ भात आवडेल का, आलं घालून?"

आज स्वतः घेऊन आल्या, गाडी चालवत, मोठ्या थर्मासमधून. फ्लीस नव्हता, बाहेर शंभर फॅरनहाइटच्या वर आहे. बाबांनी दोन चमचे खाल्ले. "आमच्याकडे याला पेज म्हणतात," म्हणाले. मग दोघं पडवीत बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबांची पालथी मूठ गुडघ्यावर, आणि बाई समोरच्या संत्र्याच्या झाडाकडे बघत.

८ मे

रेवाचं वजन. सव्वासव्वीस!! रेषा किंचित वर वळली आहे. डॉक्टरने पुन्हा केलं, बूट काढून. ट्यूबचं आता नको, ऑगस्टमध्ये बघू. ऑगस्टमध्येही वळण टिकेलच असं नाही, मुलं परत मागे जातात, असंही सांगितलं. मला कळलं. तरी पार्किंग लॉटमध्ये तिला उचलून गोल फिरवली. स्टीअरिंगला हात लावता येत नव्हता इतकं तापलेलं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते झोपले होते, डोळे उघडले. "किती?" सांगितलं. "काटा तोच होता ना?" तोच होता. "मग ठीक." बराच वेळ माझा हात धरून ठेवला.

आनंद कुठे ठेवायचा कळत नाही. घरात जागा नाही त्याला.

१० मे

रेवाला काय सांगायचं यावर निखिल आणि मी बोललो. आबांच्या पोटात दुखणं आहे, डॉक्टर बघणार आहेत. एवढंच. ती म्हणाली, "विल दे पुट अ ट्यूब?" हो, छोटी, आत. "इन द नोज?" नाही. विचार केला. "ओके. टेल देम टू डू इट फास्ट."

बाबा ऐकून म्हणाले, हिला ऑर्डर लिहायला द्या.

१२ मे, सोमवार. हॉस्पिटलची वेटिंग रूम

स्टेंट आणि बायॉप्सी आज. मी बाबांना घेऊन आले, निखिल रेवाजवळ. बाबांनीच असं ठरवलं. निखिलला म्हणाले, "तू इथे राह्य. मला तिथे रडणारं कोणी नको." निखिल रडत नाही कधी. पण राहिला.

सकाळचं लिहायचं आहे.

निघायच्या आधी रेवाला उपमा वाढला होता. परवापासून खाते आहे, मटार बाजूला काढून. बाबा कपडे करून टेबलाशी येऊन बसले, रोजच्या जागेवर. त्यांना उपाशी राहायचं होतं, पाणीसुद्धा नाही. रेवाने बघितलं, समोर ताट नाही.

"आबा, व्हेअर इज युवर्स?"

"आज मला नाही बेटा. डॉक्टरने सांगितलंय."

"यू आर नॉट हंग्री?"

बाबांनी तिला खोटं सांगितलं नाही. "नाही. मला भूक नाही लागून राहिली हल्ली."

रेवाने चमचा खाली ठेवला. ताट थोडं पुढे ढकललं. "देन मी टू."

निखिल ओट्याशी उभा होता, वळलाच नाही.  इतके महिने. आता जर... मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाबांनी बोटाने थांबवलं.

"रेवा, ऐक." अगदी सावकाश, मराठीत. "मला भूक नाही ती माझ्या पोटाची. तुझी भूक तुझ्या पोटाची. ती मी नेत नाही कुठे. आहे का बघ."

रेवाने फ्रॉक वर करून पोटाकडे बघितलं. खरोखरच बघितलं. हात ठेवला.

"आय डोन्ट नो," म्हणाली.

"मग विचार त्याला. घाई नाही. मला जायचं आहे आता."

उठताना त्यांनी टेबलाची कड धरली. मी दुसऱ्या बाजूने धरलं. त्यांचा हात हलका लागला. निखिलने दार उघडून धरलं.  बाबांनी त्याच्या गालावर थोपटलं, लहान असल्यासारखं.

गाडीत बसवून मी चष्म्याची डबी आणायला परत आत गेले. रेवा तिथेच होती. एक हात फ्रॉकखाली पोटावर. दुसऱ्या हातात चमचा, रिकामा, ताटाच्या वर धरलेला. निखिल तिच्याकडे पाठ करून भांडी पुसत होता, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून.

डबी घेतली आणि निघाले.

बाबांना आत नेऊन बराच वेळ झाला. वरच्या स्क्रीनवर त्यांच्या नंबरसमोर "इन प्रोसीजर" आहे अजून. निखिलचा मेसेज नाही. मीही विचारलेलं नाही.